पाणी वाटते ती

रविवार, रात्री

मागच्या रविवारपासून आईचं एक वाक्य डोक्यात रुतून बसलंय. मला उद्देशून नव्हतंच ते, म्हणून जास्त.

मॅच संपवून, बँडच्या टोप्या मोजून, इथे टेक्सासात खोलीवर यायला मला रात्रीचे साडेअकरा झाले होते. म्हणजे मिरजेत सकाळचे दहा. अनंत चतुर्दशीची मिरवणूक दुसऱ्या दिवशीही चालूच, लक्ष्मी मार्केटकडून ढोलांचा आवाज फोनमधून इथवर येत होता. आईनं फोन नेहमीसारखा मिक्सरला टेकवून ठेवलेला, त्यामुळे मला दिसत होता फक्त तिचा कोपर आणि गॅस. काकू वाटल्या डाळीचा डबा घेऊन आली होती. तिनं विचारलं, "मग बँडमध्ये असते म्हणजे करते काय गं ती नेमकं?" आणि आई कढईतून नजर न काढता म्हणाली, "काही नाही गं, पाणी वाटते सगळ्यांना."

बस्स. मग दोघी डाळीत लिंबू जास्त झालंय का यावर गेल्या.

आता यात चिडण्यासारखं काय आहे? वाटतेच मी पाणी. खोटं काहीच बोलली नाही ती. मीच तर तिला हौसेनं फोटो पाठवले होते, निळा टी-शर्ट, त्यावर पांढरी ग्रीक अक्षरं, हातात केशरी कूलर. पण ते 'काही नाही गं' कुठल्या सुरात होतं, ते ठरत नाहीये. आई नवी साडी नेसली तरी 'काही नाही गं, सेलमधली' म्हणते. ताईची पीएसआयची ऑर्डर आली तेव्हाही 'काही नाही गं, ट्रेनिंगला जायचंय आता नाशिकला' असंच म्हणाली होती. तसलं असेल तर प्रश्नच मिटला. पण ताईच्या वेळी तिनं गॅस बंद केला होता. हे मला स्वच्छ आठवतंय.

काकूला मी काय सांगितलं असतं? हाच उद्योग चाललाय आठवडाभर. लायब्ररीत, बसमध्ये, दात घासताना. काकू, टाऊ बीटा सिग्मा ही कॉलेजच्या बँडमधल्या मुलींची सोरोरिटी, म्हणजे भगिनीमंडळासारखी संघटना आहे. (सोरोरिटी म्हटल्यावर काकूच्या डोळ्यांसमोर काय येईल देव जाणे.) 1946 सालची. तेव्हा बँडची सेवा करणारी काप्पा काप्पा साय नावाची मुलांची संघटना होती, ती 1919 पासूनची, आणि तिथे मुलींना प्रवेश नव्हता. मग वेव्हा बेन्स नावाच्या मुलीनं टेक्सास टेकमध्ये मुलींची वेगळी उभी केली. आता 1977 पासून दोन्हीकडे सगळेच चालतात, त्यामुळे आमच्या सोरोरिटीत मुलगेही आहेत. काकू इथे नक्की मला थांबवेल आणि विचारेल, "मग मुलगे पण पाणी वाटतात?" वाटतात, काकू.

बाबांना या सगळ्यात एकच गोष्ट आवडली. आमचं राष्ट्रीय कार्यालय ओक्लाहोमात, स्टिलवॉटरच्या जुन्या रेल्वे स्टेशनच्या इमारतीत आहे. हे ऐकल्यावर ते खुर्चीत सावरून बसले आणि म्हणाले, "कुठला गेज?" मिरजेचा माणूस. तिन्ही गेज एका स्टेशनात बघितलेला.

मला मात्र त्या गोष्टीतली दुसरीच जागा टोचते. संघटना काढली टेक्सास टेकच्या मुलींनी. पण कायदेशीर नोंदणी टेक्सासात जमेना म्हणून ती ओक्लाहोमात केली, आणि पहिली शाखा म्हणून 'अल्फा' हे नाव गेलं तिथल्या कॉलेजला. ज्यांनी सगळं उभं केलं त्या झाल्या 'बीटा'. दीक्षेच्या आधी आम्हाला हा इतिहास पाठ करावा लागतो, त्यावर परीक्षा असते. सगळ्याजणी सनावळ्या पाठ करत होत्या आणि मी एकटीच वेव्हाबाईंच्या वतीनं धुमसत होते. अल्फा तुमचं होतं हो. कुणी विचारलं होतं का तुम्हाला, की काय करता तुम्ही नेमकं?

खरं टोचतंय ते वेगळंच आहे. मी यंदा ऑल्टरनेट, म्हणजे राखीव आहे. हाफटाइमला मैदानावर माझी जागा नाही. कुणी आजारी पडलं तर. असो.

तर पाणी. काकू, चारशे माणसांचा बँड असतो. लोकरीसारखा जाड गणवेश, डोक्यावर तुरा लावलेली उंच टोपी, हनुवटीखाली पट्टा, आणि सप्टेंबरात टेक्सासचं ऊन. मॅच चालू असताना कुठल्याही क्षणी वाजवायला लागतं, म्हणून सगळ्यांचे डोळे इशारे देणाऱ्या ड्रम मेजरवर. त्यामुळे माझ्याकडे येतो तो फक्त एक हात. पांढरा हातमोजा घातलेला, बाजूला लांब केलेला, हवेत पेला चाचपणारा. तो पेला बोटांत नीट बसवून द्यायचा, नाहीतर खालच्या रांगेतल्या क्लॅरिनेटच्या पॅडवर (भोकं झाकणाऱ्या गाद्या त्या) पाणी सांडतं आणि पॅड फुगलं की सूर गेला. सरबत, कोला काही चालत नाही, साखर थुंकीवाटे नळीत जाते आणि व्हॉल्व्ह, म्हणजे सूर बदलायला बोटांनी दाबायचे दट्टे, चिकटतात. म्हणून साधं पाणी. रिकामा पेला परत येतो तोही तसाच, हवेतून. चेहरा दिसतच नाही कुणाचा. मी आता लोकांना हातमोज्यांवरून ओळखते. तिसऱ्या रांगेतल्या ट्रॉम्बोनचा अंगठा उसवलाय. शिवून द्यायचाय.

हे लिहिल्यावर फारच बिचारं वाटतंय. तेवढंही नाही. पाहुण्या कॉलेजचा बँड येतो तेव्हा त्यांची बस उतरवून घेणं, सफरचंदं आणि पाण्याच्या बाटल्या देणं, यात मला मजा येते. आणि वाद्यं धुणं तर फारच आवडतं. जवळच्या एका शाळेला जुनी ट्रम्पेटं देणगीत मिळाली होती, ती आम्ही हॉस्टेलच्या बाथटबमध्ये कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून धुतली. व्हॉल्व्ह सुटे करून टॉवेलवर क्रमानं मांडायचे, कारण पहिल्याचा दुसऱ्यात बसत नाही. लांब लवचिक तारेचा ब्रश नळीतून घातला की दुसऱ्या टोकानं हिरवट गाळ बाहेर येतो. कित्येक वर्षांच्या पोरांच्या फुंकरी. एकातून च्युइंगमचा कागद निघाला. बाकीच्याजणी नाकं मुरडत होत्या आणि मी मांडी घालून बसले होते तिथेच. सतारमेकर गल्लीत बाबांच्या तंबोऱ्याला नवा भोपळा बसवायला दिला होता, तेव्हा दुकानात अशीच बसायचे तासन् तास. तिथे लाखेचा वास होता, इथे लिंबाच्या साबणाचा. तंबोरा जुळवणाऱ्याला मिरजेत कुणी 'काही नाही गं' म्हणत नाही. निदान माझ्या कानावर नाही आलं.

आणि या सगळ्याचे तास लिहायचे असतात. सेमिस्टरला ठरावीक सर्व्हिस अवर्स भरले नाहीत तर विचारणा होते. हेही मला खटकतं, पण थोडंच. मिरजेत दर्ग्याच्या उरुसात गवई हजेरी लावून जातात, त्यांना कुणी तक्ता भरायला सांगत नाही. पण त्यांचं गाणं लोक ऐकतात तरी. मी घातलेल्या तेलाचं कौतुक व्हॉल्व्हशिवाय कुणाला?

गुरुवारी शेवटी न राहवून आईला विचारलंच. "काकूला काय म्हणालीस तू त्या दिवशी?" तिला काही आठवेना. "कधी? डाळीचं?" मी म्हटलं, "नाही, माझं. पाणी वाटते म्हणालीस." क्षणभर गप्प. मला वाटलं, आता समजूत घालणार.

"अगं हो," ती म्हणाली, "तेच विचारायचं होतं. किती माणसं म्हणालीस? चारशे? आणि तुम्ही वाटायला किती जणी?"

मी सांगितलं.

"मग सुरुवात कुठनं करता?"

पुढून, म्हटलं. कूलर खाली असतात, पुढे ट्रम्पेट बसतात, तिथून वर वर जात सूसाफोनपर्यंत, म्हणजे अंगाभोवती घालायच्या त्या मोठ्या कर्ण्यांपर्यंत.

"तिथंच चुकतंय तुमचं. पुढचे दोनदा घेतात. मागच्यांना कोमट मिळतं, नाहीतर मिळतच नाही. पंगतीत कधी वाढलं असतंस तर कळलं असतं. शेवटच्या पानापासनं सुरुवात करायची, आणि भांडं अर्धं झालं की लगेच बदलायचं, संपेपर्यंत थांबायचं नाही. आणि एकीनं नुसतं रिकामे पेले गोळा करायचे, देणारीनं घ्यायचे नाहीत." मग लिंबू, साखर, मीठ घालता का, हा विषय निघाला आणि व्हॉल्व्ह म्हणजे काय ते मला सांगावं लागलं. ते तिला पटलं नाही. मीठ तरी चालेल की, म्हणाली.

पाऊण तास बोलत होती. गॅस बंद होता की नाही दिसलं नाही, फोन या वेळी फ्रीजला टेकवला होता.

काल केलं तसं. वरून सुरुवात, दोघी द्यायला, एक गोळा करायला. सूसाफोनवाल्या पोरांना या सीझनमध्ये पहिल्यांदाच बर्फाचं पाणी मिळालं. त्यातल्या एकानं चक्क मान वळवली, वाद्यासकट, आणि त्या पितळी कर्ण्याचा धक्का बसून शेजाऱ्याची टोपी खाली गेली. ट्रम्पेटवाले मात्र भडकलेत. त्यांची तक्रार आज सर्व्हिसच्या व्हाइस प्रेसिडेंटकडे आली आहे. लेखी.