आमची वाटचाल : दिवे दुरुस्तीपासून हलत्या आरशांपर्यंत

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत अर्धी शेड भाड्याने घेऊन आम्ही कारखान्यांचे एलईडी दिवे दुरुस्त करायचो. ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारं सर्किट, जळाला की आम्हाला फोन. पुढे नवा दिवाच दुरुस्तीच्या पैशात मिळू लागला आणि काम आटलं.

मग उजेडातून माहिती पाठवायच्या नादी लागलो. कल्पना जुनी आहे. ग्रॅहम बेलने १८८० मध्ये सूर्यप्रकाशावरून आवाज पाठवला होता, तोही बोलण्याने थरथरणाऱ्या आरशाच्या जोरावर. एलईडी तर डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने लुकलुकतो. प्रत्येक दिव्याची लुकलुक वेगळी ठेवली, की मालाच्या ट्रॉलीवरचा फोटोडायोड, म्हणजे उजेड मोजणारा सेन्सर, कोणत्या दिव्याचा किती उजेड पडतोय ते ओळखतो. त्यावरून तीन दिव्यांची अंतरं कळली, की ट्रॉलीची जागा निघते. पत्र्याखाली जीपीएसचा भरवसा नाही, म्हणून हा खटाटोप.

पहिलं काम मिळालं पिंपळगाव बसवंतकडच्या एका द्राक्ष पॅकहाउसचं. ट्रॉली कुठे आहे ते संगणकावर ठिपक्याने दिसायचं. "साहेब, तुमचा ठिपका परत भिंतीतून गेला," असा सुपरवायझरचा फोन दिवसातून चारदा. पेट्यांची थप्पी आड आली की एक दिवा झाकला जायचा. उजेड कमी म्हणजे दिवा लांब, असा संगणकाचा सरळ हिशेब. आम्ही दिवे वाढवले. बिल वाढलं, ठिपका भिंतीतच.

शेवटी मेन रोडवरून साधे आरसे आणले, मागे दोन-दोन मोटारी लावल्या आणि थप्पीच्या आडोशाला वरून उजेड वळवला. आरशात दिसणारा दिवा आरशामागे तितक्याच अंतरावर असल्यासारखा धरता येतो, म्हणजे वायर न ओढता आणखी एक दिवा मिळाला! थेट उजेड कोणता आणि आरशातला कोणता, हे कसं कळायचं? आरसा क्षणभर बाजूला वळवायचा. दोन मापांतला फरक तो आरशाचा.

स्वस्त मोटारींनी मात्र रडवलं. आरसा एक अंश चुकला की किरण दोन अंश चुकतो; सहा मीटरवर तो जवळजवळ २१ सेंटिमीटर सरकतो. दोन खोकी मोटारी भंगारात गेल्या. त्याहून वाईट म्हणजे शीतगृहाचं दार. ते उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरून गार आरशांवर दव धरायची. मी शिडीवर चढून रुमालाने आरसा पुसतोय आणि खाली हमाल हसताहेत, असा एक अख्खा हंगाम गेला. आता चारचाकी गाडीच्या मागच्या काचेला असते तशी तापणारी तार आरशामागे असते.

गिऱ्हाईक विचारतं, "हे स्मार्ट पृष्ठभाग म्हणजे मेटासरफेस का?" नाही. नॅनोमीटरच्या नक्षीने प्रकाश वळवणाऱ्या त्या पत्र्या आमच्या शेडमध्ये नाहीत. आमचा आरसा तेवढा सांगितल्यावर मान वळवतो. ब्रोशरवर 'स्मार्ट' छापायचा आग्रह भाच्याचा होता. मी छापू दिलं, बिलावर मात्र 'आरसा, मोटारीसह' असंच लिहितो.

एप्रिलअखेर हंगाम आटोपून चेंबर रिकामे झाले, की तिसऱ्या चेंबरचे आरसे बसवायचे आहेत. आई शेजारणींना सांगते, पोरगा काचेच्या धंद्यात गेला.