चेल्टनहॅमच्या 28 रेसचे घोडे निवडले, माझा अनुभव

मी मूळची पुण्याची, आता सहा वर्षं झाली इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरला राहते, म्हणजे चेल्टनहॅमच्या रेसकोर्सपासून गाडीने अर्धा तास. मार्चमध्ये तिथे उड्यांच्या रेसचा चार दिवसांचा फेस्टिवल असतो, त्या चार दिवसांत आमच्या ऑफिसमध्ये सगळे एक खेळ खेळतात, पैसे नाहीत काही नाहीत, मंगळवार ते शुक्रवार रोज सात रेस म्हणजे एकूण 28, प्रत्येक रेसला एक घोडा लिहून द्यायचा आणि तो जिंकला तर त्याच्या सुटतानाच्या भावाएवढे पॉइंट मिळतात (भाव म्हणजे सट्ट्यातला दर, 25 ला 1 असेल तर 25 पॉइंट). पहिली दोन वर्षं मी नाव आवडलं म्हणून घोडे लिहिले. 2025 ला ठरवलं की यंदा नीट अभ्यास करायचा, प्रत्येक रेसचं एक पान आणि कारणासकट घोडा. त्यातली एक रेस अजून डोक्यातून जात नाही म्हणून हे लिहितेय.

मला वाटलं होतं की रेस थोडीफार कळते आपल्याला, कारण लहानपणी पावसाळ्यात बाबा कॅम्पातल्या रेसकोर्सवर घेऊन जायचे, आदल्या रात्री कोल, म्हणजे रेसचं माहितीपुस्तक, घेऊन पेनाने खुणा करत बसायचे ते मी बघितलंय. पण आपल्याकडे सगळी सपाट रेस, 1000 मीटर, 1200 मीटर, फार तर डर्बीला 2400. घोडे गेटमधून सुटतात, कुठलं गेट मिळालं यावर निम्मी चर्चा. इथे उड्यांच्या रेसला गेटच नसतं, घोडे चालत चालत टेपपाशी येतात आणि स्टार्टर सोडतो. दोन मैल म्हणजे सगळ्यात छोटी रेस आणि शुक्रवारचा गोल्ड कप तर सव्वातीन मैलांच्या वर, 22 फेन्स म्हणजे उंच अडथळे ओलांडायचे. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "अगं मग टायमिंग बघून उपयोग काय, आधी घोडा उभा राहिला पाहिजे ना!" आणि खरं सांगते, एवढ्या रात्री जागून मला जे कळलं त्याचा पायाच हा होता.

सुरुवात फॉर्मच्या आकड्यांपासून केली. घोड्याच्या नावाशेजारी 12-1F1P असं काहीतरी छापलेलं असतं, ते डावीकडून उजवीकडे वाचायचं, सगळ्यात उजवीकडची सगळ्यात ताजी रेस. एफ म्हणजे पडला, यू म्हणजे जॉकी खाली पडला, पी म्हणजे जॉकीने मध्येच थांबवला, आणि बी म्हणजे दुसऱ्याच्या पडण्यामुळे हा बिचारा आडवा झाला. यू आणि बी मध्ये घोड्याची चूक असेलच असं नाही, म्हणून नुसते आकडे वाचून भागत नाही, ती रेस उघडून बघावी लागते. रोज रात्री जेवणं झाली की मी लॅपटॉपवर जुन्या रेस लावायचे आणि फक्त उड्या बघायचे. कोण आधीच उडतो, कोण अगदी जवळ जाऊन उडतो, कोण प्रत्येक उडीला उजवीकडे सरकतो. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे कारण चेल्टनहॅमचा ट्रॅक डावीकडे वळतो, तिथे उजवीकडे सरकणारा घोडा दर उडीला थोडी थोडी जागा घालवतो आणि शेवटी तेच अंतर कमी पडतं.

मग जमीन. मंगळवार-बुधवार ओल्ड कोर्स आणि गुरुवार-शुक्रवार न्यू कोर्स असतो, दोन्हीकडे शेवटी तो चढ आहेच, क्लीव्ह हिल मागे दिसते ना त्या बाजूचा सगळा भागच चढउताराचा आहे. केम्प्टनच्या सपाट ट्रॅकवर आरामात जिंकलेला घोडा इथे शेवटच्या उडीनंतर चालायला लागलेला मी रेकॉर्डिंगमध्ये स्वतः पाहिलाय. पाऊस पडून जमीन सॉफ्ट झाली तर अजून वेगळं गणित. प्रत्येक घोड्यापुढे मी तो कुठल्या जमिनीवर जिंकलाय ते हिरव्या पेनाने लिहिलं.

एक गोष्ट मात्र उशिरा कळली, ती म्हणजे पानं फार आधी लिहायची नाहीत. मोठ्या स्टेबलवाले एकाच घोड्याचं नाव दोन-तीन रेसना देऊन ठेवतात आणि शेवटी दोन दिवस आधी ठरवतात. लॉसीमाउथ ही ट्रेनर विली मलिन्स यांच्याकडची घोडी मी चॅम्पियन हर्डलच्या पानावर धरली होती (हर्डल म्हणजे फेन्सपेक्षा बुटका अडथळा), तीन रात्री तिच्यावर घातल्या, आणि ती फक्त घोड्यांच्या माद्यांसाठी असलेल्या मेअर्स हर्डलमध्ये गेली (आणि तिथे जिंकली पण). पान फाडून परत लिहिलं.

तर ही चॅम्पियन हर्डल, 11 मार्च, दोन मैल, आठ हर्डल. कॉन्स्टिट्यूशन हिल फेव्हरेट, ट्रेनर निकी हेंडरसन यांच्याकडचा घोडा, तोपर्यंत दहाच्या दहा रेस जिंकलेला, 2023 ला हीच रेस जिंकलेला. भाव 1 ला 2, म्हणजे जिंकला तरी आमच्या खेळात अर्धाच पॉइंट. स्टेट मॅन 2024 चा विजेता. आणि आयर्लंडची ब्रायटरडेजअहेड, जिने ख्रिसमसला लेपर्डस्टाउनला 30 लेन्थने (म्हणजे 30 घोड्यांच्या लांबीएवढ्या अंतराने) रेस मारली होती आणि त्यात स्टेट मॅन पण मागे होता. शिवाय घोडी म्हणून तिला सात पौंड वजन कमी. मी तिलाच निवडलं. कारणं एक पान भरून लिहिली, आजही वाचली तर चुकीची वाटत नाहीत.

पण त्याच पानावर दोन ओळी अजून होत्या. एक, जानेवारीत चेल्टनहॅमलाच कॉन्स्टिट्यूशन हिल जिंकला तेव्हा शेवटच्या हर्डलला त्याने चूक केली होती, ते मी लिहिलं आणि पुढे "चालतंय" असं लिहून सोडून दिलं. दुसरी ओळ होती गोल्डन एसची. ट्रेनर जेरेमी स्कॉट यांच्याकडची ही घोडी, फेब्रुवारीत विनकँटनला किंगवेल हर्डल जिंकून आलेली, आणि मुख्य म्हणजे 2024 च्या फेस्टिवलला नवख्या घोड्यांच्या मेअर्स हर्डलमध्ये तिने ब्रायटरडेजअहेडलाच हरवलं होतं, ब्रायटरडेजअहेड फेव्हरेट असताना! हे मी लिहिलं होतं. आणि मग वाटलं की ती रेस हळू झाली होती, एका वर्षात ब्रायटरडेजअहेड खूप पुढे गेलीय, भाव 25 ला 1 आहे म्हणजे बाजाराला पण तसंच वाटतंय. आणि ती ओळ मी लाल पेनाने खोडली.

चार वाजता रेस सुटली, आम्ही सगळे कॅन्टीनच्या टीव्हीपुढे. पाचव्या हर्डलला कॉन्स्टिट्यूशन हिल पडला. कॅन्टीनमध्ये एकदम शांतता. माझी निवड तो नव्हता तरी माझ्या पोटात गोळा आला, मी स्क्रीनवर तो उठतोय का तेवढंच शोधत होते. मग स्टेट मॅन मोकळा पुढे निघाला, रेस संपल्यातच जमा होती, आणि शेवटच्या हर्डलला तोही पडला. मागून गोल्डन एस आली, चढ चढली आणि जिंकली. माझी ब्रायटरडेजअहेड पहिल्या तीनातही नव्हती. दोन्ही पडलेले घोडे उठून धड आहेत हे कळल्यावर मी खाली बसले.

आता यात माझं चुकलं किती? हा प्रश्न मी खूप दिवस घोळवला. स्टेट मॅन उभा राहिला असता तर गोल्डन एस जिंकली नसती, हे उघड आहे, त्यामुळे मी ओळखायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. पण सातच घोड्यांच्या रेसमध्ये, फेव्हरेटच्या उडीबद्दल शंका माझ्याच पानावर लिहिलेली असताना, ज्या घोडीने चेल्टनहॅमलाच माझ्या निवडलेल्या घोडीला हरवलंय तिला मी केवळ भाव मोठा आहे म्हणून खोडलं, ही चूक आहे. भाव हे लोकांचं मत असतं. मी स्वतः डोळ्यांनी बघितलेली गोष्ट लोकांच्या मतासाठी खोडली. एप्रिलमध्ये एन्ट्री (Aintree) नावाच्या रेसकोर्सवर कॉन्स्टिट्यूशन हिल परत पडला तेव्हा तर ते "चालतंय" काढून परत वाचलं.

बाकीच्या 27 रेसचं फार सांगण्यासारखं नाही, चार बरोबर आल्या आणि त्या चारही फेव्हरेट होत्या, पॉइंट फारसे नाहीत. मोठ्या हँडिकॅपमध्ये (चांगल्या घोड्याला जास्त वजन देऊन बरोबरी साधायच्या रेसमध्ये) वीस-वीस घोडे असतात तिथे माझी पानं अर्धवटच राहिली, तेवढ्या सगळ्यांच्या जुन्या रेस बघायला तीन आठवडे पुरत नाहीत, पुढच्या वेळी जानेवारीपासून सुरुवात करणार आहे.

पद्धत थोडी बदललीय आता. निवड लिहायच्या आधी भाव बघत नाही, तो कॉलम कागद दुमडून झाकून ठेवते. प्रत्येक घोड्याला उडीसाठी वेगळे मार्क देते, पाचपैकी, आणि तीनच्या खाली असेल तर तो कितीही मोठा फेव्हरेट असला तरी रेसमधल्या दुसऱ्या घोड्याचं पानभर कारण लिहिल्याशिवाय पुढे जात नाही. आणि खोडायचं असेल तर पेन्सिलने.

त्या रात्री बाबांना फोन केला तेव्हा पुण्यात अकरा वाजून गेले होते, ते झोपले नव्हते. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "ते खोडलेलं पान फेकू नकोस हं, फोटो काढून मला पाठव." मी पाठवला. त्यांनी त्यावर आपल्या हाताने खुणा करून परत पाठवलाय, अगदी कोलवर करायचे तशा.