दशांश कशावर काढायचा?

दशांश, म्हणजे कमाईतला देवाला द्यायचा दहावा हिस्सा, ढोबळ पगारावर काढायचा की टीडीएस कापून हातात पडणाऱ्या रकमेवर, हा प्रश्न आमच्या मिरजेच्या चर्चच्या मंडळीत उपासनेनंतरच्या चहाला हमखास निघतो. पाळकसाहेब अशा वेळी बिस्किटांकडे वळतात. ‘हातात पडणाऱ्यावर’वाले म्हणतात, कैसरानं (बायबलातला रोमी बादशहा, म्हणजे आपलं सरकार) आधीच नेलं, उरलं त्यातलं देवाचं. ‘ढोबळ’वाले म्हणतात, पहिलं पीक देवाचं, कैसरानं रांगेत उभं राहावं.

कैसर निघाला की पुढचं ठरलेलंच. “कैसराचे ते कैसराला, देवाचे ते देवाला” हे येशूचं कराबद्दलचं वचन सगळ्यांना पाठ आहे, पण किती टक्के, हे येशूनं सांगितलेलं नाही. त्यानं फक्त नाणं मागितलं आणि त्यावर मुखवटा कोणाचा ते विचारलं. ती मोकळी जागा मग ज्यानं त्यानं आपल्या खिशाच्या मापानं भरायची. बेदाण्याच्या व्यापारातले एक काका आहेत, ते बायबलातल्या शमुवेल संदेष्ट्यापासून सुरुवात करतात. इस्राएली लोकांनी राजा मागितला तेव्हा शमुवेलानं बजावलं होतं, की हा राजा तुमच्या धान्याचा आणि द्राक्षमळ्यांचा दहावा हिस्सा घेईल. “द्राक्षमळे म्हणाला बघा! तासगाववाल्यांना तेव्हाच सावध केलं होतं,” असं म्हणून काका टाळी मागतात. निवृत्त शिक्षिका असलेल्या आमच्या मावशी त्यांना बायबलातलं प्रेषित पौलाचं रोमकरांस पत्र ऐकवतात: ज्याला कर द्यायचा त्याला कर द्या. मावशींचं पेन्शन सरकारी तिजोरीतून येतं, हे सांगायला काका विसरत नाहीत.

हा वाद आमच्यापुरताच असता तर चहाबरोबर संपलाही असता. पण अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात २००३ साली त्यावर चक्क मतदान झालं. तिथले गव्हर्नर बॉब रायली रिपब्लिकन पक्षाचे, बाप्टिस्ट मंडळीचे, आणि तोवर करवाढीला कायम विरोध करत आलेले. त्या राज्यात चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ४,६०० डॉलर मिळाले की आयकर सुरू व्हायचा, किराण्यावर विक्रीकर होताच, आणि मोठमोठी जंगलं बाळगणाऱ्या लाकूड कंपन्या मात्र मालमत्ता कर नावापुरता भरायच्या. तिथल्याच विद्यापीठात कायदा शिकवणाऱ्या सुझन पेस हॅमिल यांनी बायबलच्या आधारे लिहिलं होतं, की गरिबावर असा भार टाकणं ख्रिस्ती नीतीत बसत नाही. रायलींनीही तीच भाषा धरली आणि सुमारे १.२ अब्ज डॉलरची करवाढ मांडली. गरिबांचा कर कमी होणार, वरच्यांचा वाढणार, अशी ती योजना. राज्यातल्या ख्रिश्चन कोअलिशन या ख्रिस्ती राजकीय संघटनेनं तिला विरोध केला. ९ सप्टेंबरला मतदान झालं आणि साधारण दोनतृतीयांश मतदारांनी योजना फेटाळली. ज्यांचा कर कमी होणार होता, त्यांच्यातलेही बरेच विरोधात गेले. रविवारी चर्चमध्ये तुडुंब गर्दी करणारं हे राज्य! काकांना हे सांगितलं तर म्हणाले, “शहाणी माणसं.”

मला ती माणसं दुष्ट वाटत नाहीत. त्यांचा सरकारवर विश्वास नव्हता, चर्चवर होता. आपल्या हातानं दिलं की ते पोचलं असं माणसाला वाटतं. आमच्या चर्चमधल्या कापणीच्या सणालाच बघा. ज्वारीचं पोतं, हळदीची पाटी, उसाची मोळी, सगळ्याचा चर्चसाठी लिलाव होतो. कोंबडी तर एक जण घेतो, परत दान करतो, आणि ती बिचारी पुन्हा लिलावाला चढते. प्रत्येक बोलीला माइकवरून नाव पुकारतात. काका त्यात दरवर्षी पुढे असतात. हात सैल आहे त्यांचा, ते कबूल केलंच पाहिजे.

कर भरणाऱ्याचं नाव मात्र कोणी पुकारत नाही. माझ्या पगारातून गेलेल्या पैशानं सांगलीच्या सिव्हिलमध्ये कोणाला सलाईन लागलं, ते मला कळत नाही, आणि त्या माणसाला मी माहीत नाही. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये, असं येशू म्हणाला. ते दानाच्या पिशवीपेक्षा फॉर्म सोळाला, म्हणजे पगारातून कापलेल्या कराच्या दाखल्याला, जास्त लागू पडतं, असं मला अलीकडे वाटायला लागलंय. काका म्हणतात, सक्तीचं दान कसलं, देवाला संतोषानं देणारा आवडतो. खरं आहे, आणि त्यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही.

पण मिरजेत राहून निव्वळ दानावर किंवा निव्वळ करावर भरवसा ठेवणं अवघड जातं. मिशन हॉस्पिटल १८९४ साली उभं राहिलं ते परदेशातल्या मंडळींच्या पैशावर. त्याच गावात १९६२ साली मेडिकल कॉलेज सुरू झालं, ते आज सरकारी पैशावर चालतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या आसपास गेलं, तेव्हा मशिदी, मंदिरं, चर्चेस, सगळीकडे चुली पेटल्या होत्या. कळवळा भरपूर होता आमच्याकडे. बोटी नव्हत्या. त्या सैन्याच्या आणि एनडीआरएफच्या आल्या, म्हणजे करातून.

काकांनी तेव्हा पोत्यानं तांदूळ दिला होता, म्हणून पुराचा मुद्दा ते निमूट ऐकून घेतात. मग मी पुढे सरकवतो जक्कयाला. संडे स्कूलच्या पोरांनाही पाठ असलेला, उंबराच्या झाडावर चढलेला बुटका जकातदार. दुसरा जकातदार मत्तय जकातनाक्यावरून उठून येशूमागे गेला, पण जक्कयानं नोकरी सोडल्याचं त्याची गोष्ट सांगणारा शुभवर्तमानकार लूक कुठं लिहीत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देईन आणि कोणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करीन, एवढं तो म्हणाला. कर घेणाऱ्यानं नीट घेतला तर त्याच्याही घरी तारण, म्हणजे उद्धार, येतं, असा माझा मुद्दा.

“चौपट?” काका कप खाली ठेवत म्हणाले. “आमचा रिफंड एकपट तरी येऊ दे म्हणावं.”