पुठ्ठ्याचा डीएनए

बारावीला डीएनए शिकवताना मी फळ्यावर शिडी काढतच नाही. सरळ पुठ्ठ्याचे तुकडे वाटते, शिडीच्या पायऱ्या बनवणाऱ्या चार बेसेसचे: ॲडेनिन (ए) आणि ग्वानिन (जी) मोठे, थायमिन (टी) आणि सायटोसिन (सी) लहान. १९५३ साली डीएनएची रचना शोधताना शास्त्रज्ञ वॉटसननेही असेच पुठ्ठे जुळवत जोड्या शोधल्या होत्या. मोठ्याला मोठा लावला की शिडी फुगते, लहानाला लहान लावला की आत ओढली जाते. पोरं आधी वैतागतात, मग रुंदी सगळीकडे २ नॅनोमीटरच का, ते आपसूक उमगतं. ए-टीत दोन हायड्रोजन बंध, जी-सीत तीन.

"मॅडम, मग जी-सी जास्त असेल तर शिडीचे दोन धागे एकमेकांपासून सुटायला जास्त तापवावं लागेल ना?" मागच्या बाकावरून प्रश्न. (हा परीक्षेत कधी विचारत नाहीत, दुर्दैव!) लागतं, पण त्यात बंधांपेक्षा एकावर एक रचलेल्या बेसेसमधल्या आकर्षणाचा वाटा मोठा. तेवढ्यात घंटा झाली, तरी कोणी उठेना.