प्रिपोझिशनची वही : पावसाळ्यातलं काम

मंडळी, मागच्या वेळी लिहिलं होतं की इंग्रजी प्रिपोझिशनच्या, म्हणजे 'ऑन', 'इन' अशा शब्दांच्या, माझ्या वहीतली अव्ययावार मांडणी आता बंद करते आहे. 'ऑन'चं एक पान, 'इन'चं एक पान, 'ॲट'चं एक पान असं करत गेलं की पानं फुगत जातात आणि हाती काही लागत नाही. एकटं 'ऑन' काहीच ठरवत नाही. त्याच्या आधी कोणतं क्रियापद आलं, कोणतं नाम आलं, त्यावर सगळं. म्हणून या पावसाळ्यात जुन्या चिठ्ठ्या खोक्यातून काढल्या आणि नव्यानं लावल्या. आता चिठ्ठीच्या डोक्यावर क्रियापद किंवा नाम, आणि खाली तीन रकाने: मराठी, हिंदी, इंग्रजी.

तीन रकाने इंदूरमुळे सुचले. घरात मराठी, राजवाड्यावर खरेदी हिंदीत, ऑफिसची पत्रं इंग्रजीत. एकच गोष्ट तीन तऱ्हांनी दिवसभर कानावर पडते, टिपायची तेवढी बाकी असते. 'त्याला विचार', 'उससे पूछो', 'आस्क हिम': मराठीत 'ला', हिंदीत 'से', इंग्रजीत काहीच नाही. 'त्याची वाट पाहा', 'उसका इंतज़ार करो', 'वेट फॉर हिम': आपल्या दोन्ही भाषांत षष्ठी आणि इंग्रजीत 'फॉर'. 'त्याच्यावर अवलंबून', 'उस पर निर्भर', 'डिपेंड ऑन हिम': तिन्ही जुळतात. जुळणाऱ्या चिठ्ठ्या मी बाजूला ठेवल्या, त्या आपोआप येतात. न जुळणाऱ्यांवरच हंगाम गेला, आणि त्यातून एक गोष्ट निघाली ती सविस्तर लिहिते.

सुरुवात भाचीच्या प्रश्नानं झाली. ती सुपर कॉरिडॉरवरच्या एका कंपनीत कामाला आहे आणि तिच्या ई-मेलमध्ये 'डिस्कस अबाउट' येतं. मी ते खोडलं तेव्हा ती म्हणाली, "आत्या, 'डिस्कशन अबाउट' तू चालवून घेतेस. मग 'डिस्कस अबाउट'नं काय केलं?" प्रश्न अगदी नेमका आहे. 'चूक आहे म्हणून चूक' हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही, म्हणून अशा जोड्याच गोळा करायला घेतल्या.

'वी डिस्कस्ड द प्लॅन', पण 'अ डिस्कशन ऑफ द प्लॅन' किंवा 'अबाउट द प्लॅन'. 'शी एम्फसाइज्ड द पॉइंट', पण 'एम्फसिस ऑन द पॉइंट'. 'दे रेझिस्टेड द चेंज', पण 'रेझिस्टन्स टु द चेंज'. क्रियापद आपलं कर्म थेट घेतं, मध्ये कुणी लागत नाही. त्याच अर्थाचं नाम मात्र कर्म थेट घेऊच शकत नाही, त्याला प्रिपोझिशनचा आधार घ्यावा लागतो. सगळ्यात फसवी जोडी ती, जिथे नाम आणि क्रियापद दिसायला एकच: 'रिक्वेस्ट', 'ऑर्डर', 'डिमांड', 'अटॅक', 'व्हिजिट', 'आन्सर', 'इन्फ्लुअन्स', 'काँटॅक्ट'. 'वी रिक्वेस्ट युवर को-ऑपरेशन' आणि 'अ रिक्वेस्ट फॉर युवर को-ऑपरेशन', दोन्ही बरोबर. पण दुसऱ्यातला 'फॉर' पहिल्यात शिरला की ऑफिसच्या पत्रात नेहमी दिसणारं 'वी रिक्वेस्ट फॉर' तयार होतं.

आता मराठीकडे बघा. आपली अशी कितीतरी क्रियापदं मुळात नाम अधिक 'करणे' आहेत. चर्चा करणे, हल्ला करणे, प्रवेश करणे, लग्न करणे. भर देणे, संपर्क साधणे हीसुद्धा तशीच. क्रियापदाच्या पोटात नाम बसलेलं आहे आणि ते आपला प्रत्यय बरोबर घेऊन येतं: योजने'वर' चर्चा, मुद्द्या'वर' भर, खोली'त' प्रवेश, त्याच्या'शी' लग्न, ऑफिस'शी' संपर्क. इंग्रजी बोलताना आपण क्रियापद वापरतो खरं, पण मनात नामाचीच चौकट असते. तिथूनच 'एम्फसाइज ऑन', 'एंटर इंटू द रूम', 'मॅरी विथ', 'काँटॅक्ट विथ हिम' येतात. हिंदीतही 'पर चर्चा करना', 'से शादी करना' अशीच घडण असल्यामुळे आमच्या गावात ही सवय दोन्ही बाजूंनी पक्की होते.

एवढ्यावर थांबता आलं असतं, पण 'डिस्कस अबाउट' नायजेरियाच्या आणि सिंगापूरच्या इंग्रजीतही सापडतं आणि तिथे मराठी-हिंदी आड येत नाही. म्हणजे ओढ इंग्रजीच्या आतलीही आहे: एकीकडे 'डिस्कशन अबाउट', दुसरीकडे त्याच अर्थाचं 'टॉक अबाउट'. माझं मत असं की आपल्या 'करणे'वाल्या घडणीमुळे ही ओढ आपल्याकडे जास्त जोर धरते, उगम मात्र एकटा आपला नाही. वाकडी उदाहरणंही आहेत. 'एंटर इंटू द रूम' नको, पण करारासाठी 'एंटर इंटू ॲन ॲग्रीमेंट' हेच बरोबर. तिथे 'एंटर इंटू' हे स्वतंत्र जोडक्रियापद धरायचं.

भाचीचा पुढचा प्रश्न: "नामाला प्रिपोझिशन लागतं हे पटलं, पण कोणतं?" इथे चिठ्ठ्यांनी फार आनंद दिला, कारण त्या अर्थाप्रमाणे आपोआप गटांत पडायला लागल्या. हवं असणं, मागणं, शोधणं असेल तर 'फॉर': 'डिमांड फॉर', 'नीड फॉर', 'सर्च फॉर', 'डिझायर फॉर'. एखाद्या गोष्टीवर जोर, भार किंवा बंदी येत असेल तर 'ऑन': 'अटॅक ऑन', 'इफेक्ट ऑन', 'टॅक्स ऑन', 'बॅन ऑन'. समोरून आलेल्याला सामोरं जाणं असेल तर 'टु': 'आन्सर टु', 'ऑब्जेक्शन टु', 'रेझिस्टन्स टु'. वाढ-घट असेल तर जिच्यात झाली तिला 'इन', आणि जितकी झाली त्या आकड्याला 'ऑफ': 'ॲन इन्क्रीज ऑफ 5 पर्सेंट इन प्राइसेस'. या एका वाक्यात दोन्ही प्रिपोझिशन आपापल्या जागी बसतात, म्हणून ते मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय.

गटांना अपवाद आहेतच. 'डिस्ट्रक्शन ऑफ द हाउस' म्हणतात, पण 'डॅमेज टु द हाउस'. 'नीड फॉर मनी', पण 'इन नीड ऑफ मनी', कारण नामाच्या आधी 'इन' आलं की सगळा पदबंधच बदलतो. मात्र गट हाताशी असले की अपवाद लक्षात ठेवणं हलकं होतं. नुसत्या याद्या पाठ करणाऱ्यांना मी हेच कळकळीनं सांगते: आधी अर्थानं गट पाडा.

उलट दिशेची चूकही लिहिली पाहिजे, तिथे आपण लागणारं प्रिपोझिशन गाळतो. 'एक्सप्लेन मी', 'सजेस्ट मी'. मराठीत 'मला समजावून सांग', 'मला सुचव'. आपला 'ला' दोन कामं करतो: 'रामला पाहिलं' यात कर्म, 'रामला पुस्तक दिलं' यात संप्रदान. इंग्रजीत 'गिव्ह', 'टेल', 'टीच' ही क्रियापदं माणूस आणि वस्तू दोघांनाही 'टु'शिवाय घेतात, म्हणून 'एक्सप्लेन'ही घेईल असं वाटतं. पण 'एक्सप्लेन', 'सजेस्ट', 'डिस्क्राइब', 'डोनेट' अशी लॅटिन वळणाची क्रियापदं सहसा घेत नाहीत. 'एक्सप्लेन इट टु मी' हवं.

आता दुसरा खोका, फ्रेझल व्हर्बचा, म्हणजे क्रियापद आणि 'अप'सारखा छोटा शब्द मिळून एकच क्रियापद होतं त्यांचा. यात काम कमी झालं, पण कसोट्या पक्क्या झाल्या. 'रन अप अ हिल' (टेकडी धावत चढणे) आणि 'रन अप अ बिल' (बिल वाढवत नेणे) वरून सारखेच दिसतात. पहिल्यात 'अप' टेकडीशी जोडलेलं, म्हणून 'अप द हिल ही रॅन' म्हणता येतं. दुसऱ्यात ते 'रन'चा भाग, म्हणून 'अप द बिल ही रॅन' होत नाही. सर्वनाम घालून पाहणं ही सगळ्यात झटपट कसोटी: 'लुक इट अप' होतं, 'लुक अप इट' होत नाही, याउलट 'लुक आफ्टर हर' होतं, 'लुक हर आफ्टर' होत नाही. कानानंही कळतं. 'लुक इट अप'मध्ये आघात 'अप'वर पडतो, 'लुक ॲट इट'मध्ये 'ॲट' दबून जातं.

मला सगळ्यात जास्त आवडलेलं वाक्य याच खोक्यातलं: 'द बेड वॉज स्लेप्ट इन'. नाम उठून वाक्याच्या सुरुवातीला गेलं आणि 'इन' क्रियापदापाशीच राहिलं. मराठीत हे शक्य नाही. 'पलंगावर' यातला 'वर' सामान्यरूपाला चिकटलेला. पलंग हलला की तोही हलतो. 'झाडाखाली', 'घरासमोर', कुठेच शब्दयोगी अव्यय नामाला सोडत नाही. जुन्या इंग्रजीतही नामांना विभक्त्या होत्या. त्या झिजल्या तसा प्रिपोझिशनवरचा भार वाढत गेला, आणि आज ते कधी नामाच्या बाजूला असतं, कधी क्रियापदाच्या. 1672 मध्ये कवी जॉन ड्रायडननं वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन ठेवण्याबद्दल नाटककार बेन जॉन्सनला दोष दिला आणि पुढे शाळाशाळांतून तो नियमच होऊन बसला. मला ती हरकत मुळीच पटत नाही. 'हू आर यू वेटिंग फॉर?' हे इंग्रजीचं स्वतःचं वळण आहे, ते मुलांना तसंच शिकवावं.

पुढचं काम वेळेच्या पदबंधांचं. मराठीत 'सकाळी', 'सोमवारी', 'रात्री' सगळं एका 'ई'वर भागतं. इंग्रजीत 'इन द मॉर्निंग', 'ऑन मंडे', 'ॲट नाइट'. त्यातही 'मंडे मॉर्निंग' म्हटलं की 'ऑन', आणि वार नसतानाही 'ऑन अ कोल्ड मॉर्निंग', म्हणजे ठरावीक एक सकाळ झाली की 'इन' जातं. 'नेक्स्ट मंडे' आणि 'लास्ट मंडे'ला तर बहुधा काहीच लागत नाही. यावर चिठ्ठ्या करायला घेतल्या आहेत.

बडोद्याच्या मंडळींना एक विनंती. तुमच्याकडे हिंदीच्या जागी गुजरातीचा रकाना घालता येईल. 'त्याला विचार', 'त्याच्याशी लग्न', 'त्याच्यावर रागावणे', 'मला समजाव' आणि 'गणितात हुशार' एवढ्या पाचांची गुजराती रूपं रोजच्या बोलण्यातून टिपून पाठवा. शेवटचं मुद्दाम घेतलंय, कारण आमच्याकडे मराठीतला 'त' आणि हिंदीतला 'में' मिळून 'गुड इन मॅथ्स' करतात, इंग्रजीला मात्र 'गुड ॲट' हवं असतं.