संकष्टीचे जेवण आणि छातीतील जळजळ

संकष्टीला दिवसभर चहा आणि साबुदाणा वड्यांवर राहून, चंद्रोदयानंतर रात्री उशिरा भरपेट जेवायचे आणि लगेच अंथरुणावर पडायचे, ही आमच्या घरातील रीत आईच्या आम्लपित्ताला पोसत होती. जठरातील आम्ल पचनासाठी आवश्यकच असते. त्रास होतो तो अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडून ते वर चढल्यामुळे, आणि तेलकट खाणे व तुडुंब पोट त्याला हातभार लावतात. जेवण व झोप यांत २ ते ३ तासांचे अंतर ठेवल्याने आणि डाव्या कुशीवर झोपल्याने आईला खरोखर आराम पडला. डॉक्टरांनी दिलेली, जठरातील आम्ल कमी करणारी पॅन्टोप्राझोलची गोळी न्याहारीपूर्वी सुमारे अर्धा तास घ्यायची असते, हे मी आवर्जून सांगते. घास अडकत असेल, वजन घटत असेल किंवा शौचास काळी होत असेल, तर थंड दुधावर विसंबून न राहता विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.