नेम चांगला आहे, मग शिकवायला आणखी काय लागतं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो आहे. प्रश्न साधारण असाच असतो: पिस्तुलाचा स्कोअर चांगला येतो, रेंजवरची नवी मुलं शंका घेऊन माझ्याकडेच येतात, तर आता प्रशिक्षक व्हायला आणखी काय शिकायचं? थोडक्यात सांगायचं तर टार्गेटकडे बघणं सोडायचं आणि नेमबाजाकडे बघायला शिकायचं. चांगल्या नेमबाजाला हेच सगळ्यात जड जातं, कारण त्याची नजर वर्षानुवर्षं निकालावर बसलेली असते. कागदावर भोक पडतं तोवर त्यामागचं कारण घडून गेलेलं असतं.

आधी उभं राहायची जागा. नेमबाज उजव्या हाताने मारत असेल तर त्याच्या छातीच्या बाजूला, फायरिंग लाइनच्या जरा मागे उभे राहा. तुमच्या शरीराचा कुठलाही भाग नळीच्या तोंडापुढे जाता कामा नये, दाखवायला पुढे केलेलं बोटसुद्धा नाही. तिथून ट्रिगरवरच्या बोटाचं टोक, नळीचं तोंड आणि चेहरा, तिन्ही दिसतात. पापणी मिटली का, बोट सलग मागे आलं की शेवटी हिसका बसला, गोळी सुटल्यावर हात लगेच खाली आला का, यातली एका वेळी एकच गोष्ट बघायची. पाच शॉट फक्त पापणी, पाच शॉट फक्त बोट. सगळं एकदम बघायला गेलात तर काहीच हाती लागत नाही.

नवख्यांच्या चुकांमध्ये फ्लिंच, म्हणजे धक्क्याच्या भीतीने आधीच दचकणं, सर्वांत चिवट, आणि ती नेमबाजाला स्वतःला कधीच दिसत नाही, कारण आवाज आणि धक्का तिला झाकून टाकतात. पॉइंट टू टू (.22 इंच कॅलिबरच्या) पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये पाच काडतुसं भरताना त्यात दोन डमी, म्हणजे दारू नसलेली खोटी काडतुसं, मिसळा. भरायचं तुम्ही, क्रम त्याला कळू द्यायचा नाही. डमी आली की नुसती टिक ऐकू येते, आणि त्याच क्षणी नळीचं तोंड खाली डुबकी मारतं. ते तो स्वतः बघतो, तुम्हाला वेगळं पटवून द्यावं लागत नाही. इथे शिस्त मात्र कडक हवी: डमी वेगळ्या रंगाच्या आणि वेगळ्या डब्यात. टिक ऐकू आली की ती डमीच होती असं धरून चालायचं नाही. नळी टार्गेटच्याच दिशेला ठेवून 30 सेकंद थांबायचं, मगच बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा सरकता भाग, मागे घ्यायचा. त्यानंतरचा उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो: पाच वेळा ड्राय फायर, म्हणजे गोळीशिवाय नुसता ट्रिगर दाबणं, मग एक खरा शॉट, पुन्हा पाच ड्राय. बोट आणि नळी पुन्हा शांत झाल्याचं दिसेपर्यंत हे प्रमाण बदलू नका.

साइटचं, म्हणजे पिस्तुलावरच्या नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणांचं, गणित प्रशिक्षकाला तोंडपाठ हवं. 10 मीटर एअर पिस्तुलात दोन साइटमधलं अंतर साधारण 35 सेंटीमीटर धरा. फ्रंट साइट (पुढची खूण) मागच्या साइटच्या खाचेत 1 मिलिमीटर सरकली, तर पेलेट (छर्रा) टार्गेटवर जवळजवळ 29 मिलिमीटर भरकटतं. दहाच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिलिमीटर, म्हणजे एवढ्या चुकीला सात मिळतात. उलट दोन्ही साइट एकमेकींशी जुळलेल्या आहेत आणि अख्खा हात 5 मिलिमीटर बाजूला डुलतो आहे, तर पेलेटही 5 मिलिमीटरच सरकतं आणि दहा शाबूत राहतात. हे एकदा कागदावर काढून दाखवलं की हात डुलतो म्हणून घाबरून ट्रिगर हिसकणारा मुलगा निम्मा बरा होतो. हात डुलणारच. त्याने नजर फ्रंट साइटवर ठेवायची, काळा गोल धूसर दिसला तरी चालेल.

‘गोळी खाली डावीकडे गेली म्हणजे अमुक चूक’ असं सांगणारे गोल तक्ते रेंजवर टांगलेले असतात. मला ते प्रशिक्षकाला आळशी करणारे वाटतात. खाली डावीकडे जाण्यामागे फ्लिंच असेल, ग्रिप अचानक आवळली असेल, किंवा साइटच चुकीची लावलेली असेल. आधी पाच शॉटचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, बघा. ग्रुप घट्ट असून बाजूला असेल तर साइट किंवा उभं राहणं तपासा. डोळे मिटून हात वर करायला सांगा आणि मग डोळे उघडू द्या. पिस्तूल डावीकडे रोखलेलं असेल तर मागचा पाय थोडा डावीकडे सरकवायचा, उजवीकडे असेल तर उजवीकडे. हाताने ओढून नेम बसवायचा नाही. ग्रुप विखुरलेला असेल तर साइटला हातसुद्धा लावू नका, दोष बहुधा माणसात आहे. एका शॉटवरून साइट फिरवणं तर कधीच नाही.

बोलण्याबद्दल दोनच गोष्टी. हात वर असताना बोलायचं नाही, आणि एका खेपेला एकच दुरुस्ती सांगायची. प्रत्येक शॉटनंतर सूचना मिळाली की शिकणारा तुमच्या तोंडाकडे बघायला लागतो आणि स्वतःचं निदान करणं विसरतो. त्यापेक्षा गोळी सुटल्यावर दोन-तीन सेकंद हात तसाच ठेवून, टार्गेट बघायच्या आधी, ‘कुठे गेली?’ हे त्यालाच विचारा. अंदाज आणि भोक जुळायला लागलं की तो शिकतो आहे, स्कोअर काहीही असो. आठ-दहा सेकंद झाले तरी शॉट सुटत नसेल तर पिस्तूल खाली घ्यायला शिकवणं हाही धडाच आहे. तो शॉट सोडून दिल्याबद्दल त्याला शाबासकी द्या.

सुरक्षेचे नियम सगळ्यांनाच पाठ असतात, पण शिकवताना आणखी थोडं सांभाळावं लागतं. पहिल्या खऱ्या शॉटला मॅगझिन भरून देऊ नका, एकेकच काडतूस द्या. नवखा माणूस दहा मारल्याच्या आनंदात पिस्तूल हातात घेऊनच मागे वळतो, ते याच वेळी, म्हणून तेव्हा तुमचा हात त्याच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर हवा. ‘स्टॉप’ ही हाक लाइनवरचा कोणीही देऊ शकतो आणि ती सगळ्यांनी पाळायची, हे पहिल्याच दिवशी म्हणवून घ्या. छर्ऱ्यांत आणि काडतुसांत शिसं असतं, त्यामुळे हात धुतल्याशिवाय खाणंपिणं नाही.

आता तुमच्या स्वतःच्या तयारीचं. महिनाभर दुसऱ्या हाताने नेमबाजी करा. ट्रिगरवर बोट नेमकं कुठे ठेवायचं, हे नवख्याला का सुचत नाही, ते तेव्हा कळतं. शिकवतानाचा व्हिडिओ काढा आणि एका शॉटमागे तुम्ही किती शब्द बोललात ते मोजा. आकडा बघून बहुतेकजण दचकतात. प्रत्येक विद्यार्थ्यामागे तीन रकान्यांची वही ठेवा: काय दिसलं, काय सांगितलं, पुढच्या दहा शॉटमध्ये काय बदललं. तिसऱ्या रकान्यात सलग दोन वेळा ‘काही नाही’ लिहावं लागलं तर तेच वाक्य आणखी मोठ्याने सांगू नका. पहिल्या रकान्याकडे परत जा, तुम्ही बहुधा चुकीचीच गोष्ट बघत होतात.